बाबांच्या बँडिंगआधी, तुम्हा दोघांना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर बाबांच्या बँडिंगचा, म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना एंडोस्कोपीतून रबरी बँड लावण्याचा, विषय निघाला की तुम्ही दोघं ‘हो हो, घेऊ काळजी’ म्हणता आणि दुसरं काहीतरी काढता. म्हणून लिहून पाठवते आहे.

बाबा, एंडोस्कोपीच्या दुर्बिणीतून जंतू आत जातील का, असं तुम्ही विचारलंत. दुर्बीण दर वेळी निर्जंतुक करतात. प्रश्न आपल्याच तोंडातल्या आणि आतड्यातल्या जंतूंचा आहे. अशा प्रक्रियेत त्यांतले थोडे कधीकधी रक्तात शिरतात. धडधाकट माणसाचं लिव्हर ते गाळून टाकतं. सिरॉसिसमध्ये, म्हणजे तुमच्यासारखं लिव्हर व्रणांनी कडक झालेलं असताना, आतड्याकडून आलेलं बरंचसं रक्त लिव्हरला वळसा घालून पुढे जातं, जंतू गिळणाऱ्या पेशीही दुबळ्या झालेल्या असतात. त्यात तुमच्या पोटात पाणी आहे, आणि त्या पाण्यात जंतूंशी लढणारी प्रथिनं कमी असली की त्यांना वाढायला मोकळं रान मिळतं.

घाबरवायला लिहीत नाही. ठरवून केलेल्या बँडिंगनंतर मोठा संसर्ग क्वचितच होतो, म्हणून त्यासाठी सरसकट अँटिबायोटिक देत नाहीत. त्या फुगलेल्या शिरेतून रक्तस्राव झाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा संसर्गाचा धोका खूप वाढतो आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करतात, बहुधा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, रोज 1 ग्रॅम शिरेतून, जास्तीत जास्त 7 दिवस. त्याने जीव वाचतात. पण ‘आधीच एक कोर्स करून टाकतो’ हे नको, बाबा. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही.

आई, आता तुझ्यासाठी, आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. तापाची वाट बघू नकोस. सिरॉसिसच्या माणसाला आत संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही. बाबा दिवसा झोपून रात्री जागे राहिले, विचारलेल्याचं भलतंच उत्तर दिलं, हात थरथरले, लघवी कमी झाली, पोट दुखलं किंवा एकदम फुगलं, तर ‘दमलेत, झोपू दे’ असं म्हणू नकोस. त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये ने. तिथे सुईने पोटातलं थोडं पाणी काढून तपासतात. दर घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी 250 किंवा जास्त निघाल्या, तर कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी न थांबता उपचार सुरू करतात. उशीर झाला की किडनीवर येतं.

छातीत थोडं दुखणं, गिळताना टोचणं काही दिवस राहील. त्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टर सांगतील तेवढीच, साधारणपणे दिवसाला 2 ग्रॅमच्या वर नाही. बँड गळून पडतात तिथे जखम राहते, आणि तिच्यातून पुढच्या दोनेक आठवड्यांत रक्त येऊ शकतं. काळी, डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर मला फोन नंतर, आधी हॉस्पिटल.

ॲसिडिटीची गोळी किती दिवस घ्यायची, तेही डॉक्टरांना विचारा. सिरॉसिसमध्ये ती गरजेपेक्षा जास्त दिवस चालू राहिली तर संसर्गाचा धोका वाढतो.

मी आदल्या दिवशी पोचते. कपाटातल्या उरलेल्या गोळ्यांची पाकिटं तोवर बाजूला काढून ठेव, आई, आपण दोघी मिळून बघू.

तुमची लेक