मिरजेहून परत फिरलेला पेशवा

प्रिय आई-बाबा,

फोन केला की बाबा "मजेत" म्हणून फोन आईकडे सरकवतात आणि आई "जेवलीस का" च्या पुढे जात नाही, म्हणून यावेळी लिहितेय. व्हॉट्सअपवरच पाठवतेय. लांबलचक आहे, बाबा चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा, धाप लागली तर मधे थांबा. थांबण्याबद्दलच आहे हे सगळं.

मागच्या रविवारी थेऊरला जाऊन आले. हडपसरवरून जवळच पडतं, सोलापूर रोडनं लोणी काळभोर मागे टाकलं की आलंच. चिंतामणीचं दर्शन झालं, लाकडी सभामंडपात खांबाला टेकून बसले आणि एकदम आठवलं की अरे, थोरले माधवराव गेले ते इथेच. बाबा, तुम्ही लहानपणी त्यांच्या किती गोष्टी सांगायचात, सोळाव्या वर्षी पेशवा झाले, पानिपतानंतर सगळं विस्कटलेलं, राक्षसभुवनला निजामाला हरवलं, धोडपला सख्ख्या काकाला, राघोबाला. पण तुमच्या गोष्टीत ते कायम घोड्यावर. आजारी माधवराव तुम्ही कधी सांगितलेच नाहीत, "मग क्षयानं गेले" एवढं एक वाक्य आणि झोपा आता.

घरी येऊन वाचत बसले. आणि काय सापडलं माहितीये? १७७० साली म्हैसूरच्या हैदर अलीवर तिसऱ्यांदा निघाले ते कुठपर्यंत, तर आपल्या मिरजेपर्यंत! तिथून पुढे जमेना, तब्येत साथ देईना, परत फिरले. पंचवीस वर्षांचा माणूस, ज्यानं कितीतरी मोहिमा स्वतः पुढे राहून केल्या, त्याला मिरजेत कळलं की आता घोड्यावर बसून हे होणार नाही. मी मिरजेत इतकी वर्षं वाढले, किल्ल्याजवळून रोज शाळेत गेले, हे कोणी सांगितलं नाही मला.

पण खरी गंमत पुढे आहे. फौज परत आणली नाही त्यांनी. त्र्यंबकमामा पेठ्यांच्या हवाली केली आणि मामांनी मार्च १७७१ मध्ये श्रीरंगपट्टणच्या जवळ मोती तलावापाशी हैदरला सडकून हरवलं. उत्तरेत महादजी शिंदे वगैरे मंडळींनी १७७२ च्या जानेवारीत मोगल बादशहाला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवलं. माधवराव यातलं काही बघायला गेले नव्हते. ते अंथरुणाला खिळत चालले होते आणि तरी मराठ्यांची एवढी मोठी कामं त्याच दोन वर्षांत झाली, कारण ज्याचं काम त्याला दिलं होतं.

बाबा, आता तुम्ही कुठली वही दाबून बसलात ते सांगू का? सोसायटीची. खजिनदारकी. ती निळी रेक्झिनची पिशवी घेऊन तीन जिने चढता मेंटेनन्स गोळा करायला, वर पोचल्यावर कठड्याला धरून उभं राहता आणि कोणी दार उघडलं की "काही नाही, मोबाईल बघत होतो" म्हणता. आईनं नाही सांगितलं, मी स्वतः पाहिलं दिवाळीत. आणि तेव्हाच तुमचा इन्हेलर पण पाहिला. त्याच्या पाठीवर आकड्याची छोटी खिडकी असते ना, एक पफ घेतला की एक कमी होतो. नवीन होता तेव्हा १२०. दिवसाला दोनदा दोन-दोन पफ, म्हणजे महिन्यात संपायला हवा. तुम्ही उघडून महिना झालेला आणि खिडकीत ९४. "घेतो की नियमित." बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासलेत!

माधवरावांकडे औषधच नव्हतं हो. क्षयाचा जंतू कॉखला सापडला तो १८८२ साली, त्यावर लागू पडणारं पहिलं औषध १९४० च्या दशकात. वैद्य, नवस, अनुष्ठानं, एवढंच हाताशी. तुमच्या दम्याला औषध आहे आणि ते कपाटात आहे.

आणि आई, तू हसू नकोस, आता तुझ्याकडे वळतेय. देवळापासून खाली नदीकडे गेलं की रमाबाईंचं स्मारक आहे, माधवरावांबरोबर सती गेल्या ना त्या. १८ नोव्हेंबर १७७२. एक आजी तिथे हळदकुंकू वाहून बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. मला नाही जोडवले पटकन. नवऱ्यासाठी त्यांनी उपासतापास, व्रतं केली म्हणतात, मूलबाळ नाही, नवरा सत्तावीस वर्षांचा, म्हणजे त्या किती लहान असतील बघ. सगळे त्यांची पुण्याई सांगतात, पण त्या बाईला स्वतःला कधी बरं नसेल तेव्हा कोणी विचारलं असेल का, हेच डोक्यात फिरत राहिलं.

तू रात्री भिंतीला टेकून बसून झोपतेस, बाबांचा श्वास ऐकत. गुडघ्याची फिजिओथेरपी दोनदा करून बंद केलीस, का तर "तेवढ्यात यांना काही झालं तर". मी हे कौतुक म्हणून लिहीत नाहीये. मला राग आलाय.

माधवरावांनी जायच्या आधी नऊ कलमांचं मृत्युपत्र केलं, त्यात कर्ज फेडा हे अगदी आवर्जून. अर्थात सगळंच नीट झालं असं नाही, धाकट्या भावाला, नारायणरावाला गादीवर बसवलं आणि वर्षाच्या आत शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याला मारलं. सोपवून सगळं सुटतं असं मी म्हणत नाहीये. पण सोसायटीची वही सोपवल्यावर कोणी गारदी येणार नाहीत बाबा, फार तर जोशीकाकू दोन महिने पावती मागतील.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय, दुपारपर्यंत मिरजेत. आई, सोमवारी फिजिओकडे मी येणारे तुझ्याबरोबर, वेळ घेऊन ठेवलीये, त्या तासाभरात बाबांकडे दादा बसेल, त्याच्याशी बोलणं झालंय. बाबा, निळी पिशवी दाराशी काढून ठेवा. आणि खिडकीतला आकडा मी आल्या आल्या बघणार आहे, शुक्रवारी रात्री सगळे पफ हवेत उडवू नका, कळतं मला.

तुमची,
मनू