बेळगावजवळच्या भूतरामनहट्टी प्राणिसंग्रहालयाच्या गेटवरच्या मामांना

मामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं आणि मास्कमुळं चेहराही अर्धाच बघितला. खाकी शर्ट, खिशाला पेन, हातात ताप मोजायची ती बंदूक, एवढीच तुमची ओळख माझ्याकडं आहे. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. कुणीतरी वाचून दाखवील तुम्हाला.

गोष्ट ऑक्टोबर २०२१ ची. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते. पहिली ते पाचवीच्या शाळा २५ तारखेला उघडणार होत्या. माझी लेक दुसरीत, पण दुसरीचा वर्ग तिनं तोवर मोबाईलच्या काचेतच बघितला होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टाहून आपल्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात तीन सिंह आले होते. नकुल, कृष्णा आणि निरुपमा. ही नावं तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. "निरुपमाला कधी बघायचं?" हे रोज जेवताना.

बेत दोनदा मोडला. एकदा दुसऱ्या लाटेनं सगळंच बंद पडलं म्हणून. मग ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारनं सीमेवरच्या आठ जिल्ह्यांत शनिवार-रविवारचा कर्फ्यू लावला, त्यात आपलं बेळगाव आलंच. माझी बहीण पुण्याची. सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय सोडत नव्हते, त्यामुळं राखीही त्या वर्षी पोस्टानंच आली. सीमेवर राहणाऱ्याला नाका काही नवा नाही म्हणा, पण बहीण-भावाच्या मधे तो असा कधी आला नव्हता.

माझ्या अप्पांचा वडगावात माग. म्हणजे होता. लॉकडाऊनमध्ये सूत मिळेना, साड्या कुणी उचलेना. मे महिन्यात आई गेली. त्यावर इथं लिहीत नाही. तेव्हापासून अप्पा गल्लीच्या कोपऱ्यापलीकडं गेले नव्हते. सकाळी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जायची चाळीस वर्षांची सवय, तीही सोडली. (जिथं एकेकाळी देवीची लस बनायची, त्या डेपोच्या झाडांखालची हवासुद्धा लोकांना धोक्याची वाटायला लागली होती.) नातीनं हट्ट धरला, "आजोबा येणार असले तरच मी जाणार," तेव्हा कुठं टोपी घालून निघाले.

काकती ओलांडून आम्ही तुमच्या गेटवर आलो तेव्हा अकरा वाजले होते. आतली माणसं बाहेर आली की तेवढीच तुम्ही आत सोडत होता. जमिनीवर चुन्यानं गोल आखलेले, एका गोलात एक घर. आमचा गोल नेमका उन्हात. पाऊण तास उभे होतो. आमच्या मागं एक गाडीवाले साहेब फोनवर कुणाला तरी लावून तो फोन तुमच्या कानाशी धरत होते. तुम्ही फोन घेतला नाही, नुसतं त्यांना त्यांचा गोल दाखवलात. त्या दिवशी खरं तर मला तिथंच हसू आलं होतं.

मग आमची पाळी. पोरीचं कपाळ ठीक, माझं ठीक. अप्पांनी टोपी काढली आणि आकडा आला १००.४.

मामा, त्या क्षणी माझ्या पोटात काय झालं ते सांगता येणार नाही. मागची माणसं दोन पावलं मागं सरली. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यास्नी कशाला आणायचं?" अप्पांनी टोपी परत घातली आणि वळले. चालायलाही लागले. मी तुम्हाला म्हणणार होतो, जाऊ दे की ओ मामा, एवढ्या लांबनं आलोय. दुसरा कुणी असता तर एक तर त्यानं हाकललं असतं, नाहीतर डोळा चुकवून आत सोडलं असतं. तुम्ही दोन्ही केलं नाहीत.

तुम्ही अप्पांच्या मागनं गेलात. स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलून झाडाच्या सावलीत ठेवलीत. "बसा की ओ अज्जा. तुम्हाला ताप नाही, टोपी गरम हाय." तुमचं मराठी आणि आमचं कानडी सारखंच मोडकं. मग बाटली वर धरून अप्पांच्या ओंजळीत पाणी ओतलंत, बाटलीला हात न लावू देता. मला म्हणालात, पंधरा मिनिटं थांबा, कपाळ निवलं की परत बघू. आणि हेही सांगितलंत की जास्तच आलं तर सोडणार नाही. मे महिन्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात आठ सिंहांना करोना झाला होता, ते तुम्हाला ठाऊक होतं. "माणूस दवाखान्यात जातंय. त्यास्नी कोण नेणार?" असं म्हणून तुम्ही आत बोट दाखवलंत.

त्या पंधरा मिनिटांत अप्पा तुमच्याशी बोलले. पाच महिन्यांत घरात आमच्याशी बोलले नसतील तेवढं. मी लांब होतो, सगळं ऐकू आलं नाही. मागावरच्या धोट्याचा विषय निघाला होता एवढं हातवाऱ्यांवरून कळलं. नंतर तुम्ही मोजलंत, ९८.१. आकडा आधी पोरीला दाखवलात, "बघ पुट्टी, बरोबर काय?" तिनं मान हलवली, मगच आम्हाला सोडलंत. अजून ती स्वतःला गेटची साहेब समजते.

निरुपमा झोपलेली होती. शेपटीचा गोंडा तेवढा एकदा उचलला आणि टाकला. पोरीला तेवढ्यानं पोट भरलं. तिनं ते पुण्याच्या आतेभावाला फोनवर दहा वेळा सांगितलं, आणि तो बिचारा जळला, कारण त्यांचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय थेट २० मार्च २०२२ ला उघडलं, दोन वर्षांनी. अप्पा मात्र सिंहापाशी थांबलेच नाहीत. चितळांच्या जाळीपाशी उभे राहिले ते हलेनात. एका मादीच्या पाठीवरच्या ठिपक्यांवरून हवेत बोट फिरवत होते, ओळीनं. "साडीवरची बुट्टी बघ कशी घातलीया," म्हणाले, "कण्याजवळची ओळ सरळ, खाली आली की विस्कटलीया. मागावर असं काम मी परत केलं असतं." मग थोड्या वेळानं, "तुझ्या आईला दाखवायला पायजे होतं." आईचं नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा काढलं.

दिवाळीनंतर ते परत डेपोत फिरायला जायला लागले. श्रेय सगळं तुम्हालाच देतोय असं नाही, नातीचाही वाटा आहे, आणि त्या चितळाचाही. पण खुर्ची तुमची होती.

या एप्रिलमध्ये आम्ही परत आलो होतो. गोल पुसले होते, बंदूक नव्हती, तुम्हीही नव्हता. सुट्टीवर आहेत म्हणाले. अप्पांनी तुमच्यासाठी अर्धा किलो कुंदा आणला होता, तो तिकिटाच्या खिडकीतल्या पोराकडं ठेवून आलो. पांढरा डबा, वर मागाच्या सुताची दुहेरी गाठ. ती गाठ अप्पांच्या हातची आहे, ओढून सुटत नाही, कापावी लागते. डबा मिळाला नसेल तर त्या पोराच्या घरी कात्री आहे का तेवढं विचारा.