मुळांच्या माथी दोष कशाला?

‘झाडांच्या मुळांमुळे पदपथ उखडले’ ही बातमी वाचली. पदपथ उखडतात हे खरे, पण दोष झाडाच्या माथी मारणे पटत नाही. मुळे खोल पाताळात जातात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळे वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे आडवी पसरतात, कारण त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. शहरातली माती रोलरने दाबून घट्ट झालेली. पेव्हर ब्लॉकखालच्या भुसभुशीत थरात मात्र हवा असते, ओलही टिकते. मूळ तिथे शिरते, जाड होते आणि ब्लॉक उचलते.

नौपाड्यात आमच्या गल्लीतल्या गुलमोहराच्या बुंध्याला चिकटून गेल्या उन्हाळ्यात काँक्रीट ओतले गेले. त्याआधी गटाराचा चर खणताना एका बाजूची मनगटाएवढी मुळे सपासप तोडली होती. जुलैतल्या वाऱ्यात झाड नेमके उलट्या बाजूला, उभ्या रिक्षावर आडवे झाले. रिक्षावाला चहाला गेला होता म्हणून बरे! नाव मात्र पावसाचे झाले.

झाडांभोवती एक मीटर परिघातले काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीबाबत दिला होता. ठाण्यात रस्त्यांच्या निविदेतच ही अट घालावी आणि झाडाजवळ चर खणताना वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर हजर राहावे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे