न खाणाऱ्या गेकोला आधी ऊब द्या

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते. बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून आता निवृत्त झाले आहे. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्या दुखण्याखुपण्याविषयी आपल्या दैनिकात नेमाने छापून येते आणि आमच्या गावातील लोक ती कात्रणे जपून ठेवतात. आज ज्या जिवाविषयी मी लिहीत आहे, त्याच्याबद्दल मात्र मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही. तो जीव म्हणजे लेपर्ड गेको, अर्थात पिवळसर अंगावर काळे ठिपके असलेली, जाड शेपटीची पाळीव पाल. शहरात शिकायला गेलेली मुले ती हौसेने विकत घेतात, परीक्षा आली किंवा खोली बदलावी लागली की गावी आणून आजी-आजोबांच्या हवाली करतात, आणि काही दिवसांतच ती खाणे सोडते. त्यानंतर घरची माणसे जे करतात ते मायेपोटीच करतात. पण अनेकदा त्याच उपायांनी ती दगावते. माझ्या हातूनही तसे होता होता राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या नातवाने डिसेंबरच्या अखेरीस त्याची गेको माझ्याकडे आणून ठेवली. सोबत काचेची पेटी, तळाशी पसरलेली बारीक वाळू, एक लाल बल्ब आणि अळ्यांचा डबा होता. दुकानदाराने त्याला एवढेच साहित्य दिले होते, आणि हिला सापडेल तो किडा चालतो, असे तोंडी सांगितले होते. पहिले तीन-चार दिवस तिने अळ्या खाल्ल्या, नंतर तोंड फिरवले. अळी समोर वळवळत असली तरी ती डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात पडून राही. एकोणीस दिवस असेच गेले. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती आली तेव्हा ५२ ग्रॅम भरली होती. एकोणिसाव्या दिवशी ४७ ग्रॅम भरली. शेपटीचा फुगीरपणा कमी होऊन तिच्यावर बारीक वळ्या दिसू लागल्या होत्या.

या काळात मला सल्ल्यांची कमतरता नव्हती. कोणी दूधभात कालवून तोंडात घालायला सांगितले, कोणी केळे कुस्करून द्या म्हणाले. शेजारच्या मुलाने तर हरभऱ्याच्या शेतातून घाटेअळ्या वेचून बरणीभर आणल्या. त्याचा जीव किती चांगला, हे मला कळत होते, तरी ती बरणी मी परत केली, कारण त्या शेतावर आठवड्यापूर्वीच फवारणी झाली होती. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे आम्ही विसरलेलो नाही. ज्या विषाने धडधाकट माणसे गेली, ते अंगावर घेऊन आलेली अळी पन्नास ग्रॅमच्या जिवाच्या पोटात जाऊ द्यायची नाही, एवढे तरी मला उमगत होते. दूधभात आणि केळेही मी दिले नाही, कारण ही पाल निव्वळ किडे खाणारी आहे. धान्य, दूध, फळे पचवण्याची सोयच तिच्या पोटात नाही. तरीही खरे सांगायचे तर एका संध्याकाळी मी चिमटा हातात घेऊन तिचे तोंड उघडायला बसले होते.

त्या वेळी दारात आले ते आमच्या गावातील कुक्कुटपालन करणारे गृहस्थ. त्यांनी पेटीत हात घालून तळ चाचपला आणि म्हणाले, “मॅडम, पिल्लू गारठलं का दाण्याले तोंड लावत नाही. पयले ऊब पाहा, मंग दाणे.” कोंबडीच्या एक दिवसाच्या पिलांना ब्रूडरमध्ये, म्हणजे पिलांना ऊब देण्याच्या जागेत, पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी लागते आणि ती कमी पडली की पिले गोळा होऊन बसतात, खाद्य समोर असून खात नाहीत, हे त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी घरून तारेचा तापमापक आणून पेटीच्या तळाशी ठेवला, तेव्हा आकडा २१ दाखवला. वर बल्ब होता, पण जानेवारीत आमच्याकडे पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते आणि त्यातच रात्री तासन् तास वीज जाते. वर थोडी हवा तापत होती आणि फरशी गारच राहत होती.

या एका आकड्यात सगळे उत्तर होते. पाल आपल्या शरीरात उष्णता तयार करून ती टिकवू शकत नाही, ती बाहेरून घेते. आणि लेपर्ड गेको ती बहुतांशी पोटाखालच्या जमिनीतून घेते. पेटीच्या एका टोकाला जमीन साधारण ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश असेल, तर ती हवी तशी इकडून तिकडे फिरून अन्न पचवते. जमीन गार असेल तर पचन थांबते आणि भूकही थांबते. अशा अवस्थेत बळजबरीने पोटात गेलेले अन्न तिथेच कुजते किंवा उलटून बाहेर येते, आणि पातळ काही भरवले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणजे ज्या दिवशी मी चिमटा हातात घेतला होता, त्या दिवशी तिने खाल्ले नाही म्हणूनच ती वाचली, असे मला आता वाटते.

आम्ही केले ते असे. रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती जाड टॉवेलमध्ये गुंडाळली, मनगटाला सहन होते ना हे पाहून पेटीच्या एका टोकाखाली ठेवली आणि दर दोन-तीन तासांनी पाणी बदलत राहिलो. चार दिवसांनी तळाखाली ठेवायची गरम पट्टी आणि तापमान ठरावीक अंशावर रोखणारा थर्मोस्टॅट कुरिअरने आला. थर्मोस्टॅटशिवाय ही पट्टी लावू नये, कारण ती तापत जाते आणि पालीचे पोट भाजते. सगळी वाळू काढून टाकली आणि कागद अंथरला. अशक्त, भुकेली पाल अळीसोबत वाळूही गिळते आणि ती आतड्यात अडकते. फुटक्या मडक्याचे खापर उबदार बाजूला उपडे ठेवून लपायला जागा केली. एका डब्याला भोक पाडून आत ओले फडके ठेवले, कारण कात टाकताना हवा कोरडी असेल तर जुनी कातडी बोटांवर आणि पापण्यांजवळ चिकटून राहते. लेपर्ड गेकोला, आपल्या भिंतीवरच्या पालीला नसतात तशा, उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात. कातडी तिथे अडकली तर तिला शिकार नीट दिसत नाही आणि त्यामुळेही ती खात नाही.

दोन दिवस आम्ही तिच्यासमोर काहीच ठेवले नाही. चौथ्या दिवशी तिने विष्ठा केली, तीत वाळूचे कण स्पष्ट दिसत होते. सहाव्या दिवशी दिवेलागणीच्या वेळी मी एक अळी चिमट्याने हळूच तिच्यापुढे हलवली. ती खापराखालून बाहेर आली, मान वर करून तिने एकटक पाहिले, शेपटीचे टोक थरथरले आणि पुढच्या क्षणी अळी तिच्या जबड्यात होती. मी नातवाला फोन लावला, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मात्र प्रत्येक वेळी कारण गारठाच असेल असे नाही, हेही लिहिणे माझे कर्तव्य आहे. नवीन घरी आलेली गेको आठ-पंधरा दिवस बुजलेली असते. तिला हाताळू नये, शांत राहू द्यावे. कात टाकण्यापूर्वी अंग पांढुरके पडते आणि त्या दोन-तीन दिवसांत ती खात नाही. पुढे स्वतःची कातच खाते. मादीच्या पोटात अंडी असली किंवा नराचा समागमाचा काळ असला, तरी भूक मंदावते. चांगल्या जाड शेपटीची प्रौढ पाल काही आठवडे शेपटीतल्या चरबीवर काढू शकते, पिलाला मात्र इतके दिवस निघत नाहीत. म्हणून घाबरण्यापेक्षा आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहून ठेवावे. वजन दहा टक्क्यांनी उतरले, शेपटी काडीसारखी झाली, डोळे खोल गेले, जबडा सुजला किंवा मऊ लागला, विष्ठा पातळ आणि दुर्गंधीची झाली, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकाकडेच जावे. मऊ जबडा म्हणजे बहुधा कॅल्शियमची कमतरता, आणि ती टाळायची तर अळ्यांना खायला देण्याआधी कॅल्शियमची भुकटी लावावी लागते. पावसाळ्यात मुले हौसेने काजवे पकडून आणतात. ते कधीही देऊ नयेत, काजव्यातले विष पालीवर्गातल्या प्राण्यांना मारक ठरते.

उन्हाळ्याचीही मला आताच काळजी लागली आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा हीच गेको उष्म्याने खाणे सोडेल आणि त्या वेळी गरम पट्टी बंद करून पेटी कूलरच्या खोलीत, पण थेट झोताबाहेर ठेवावी लागेल. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची क्रेस्टेड गेको ही दुसरी पाळीव पाल तर विदर्भात आणूच नये. तिला २२ ते २६ अंश मानवतात आणि तिशीच्या वरचा उन्हाळा तिच्या जिवावर बेततो.

येथे थोडे विषयांतर होईल, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सातपुड्यातून २०१४ मध्ये याच कुळातल्या पालीची एक नवी प्रजात शास्त्रज्ञांनी नोंदवली. म्हणजे लेपर्ड गेकोची भावंडे आपल्याच रानात आहेत. अशा पाली दिसल्या की लोक त्यांना विषारी समजून ठेचतात, वास्तविक भारतातली कोणतीही पाल विषारी नाही. माझे पत्र वाचून कोणी रानातली पाल धरून आणू नये. विकत घ्यायची असेल तरी कोणती प्रजात कायद्याने पाळता येते, हे वन विभागाकडे विचारून, पावती हातात घेऊनच घ्यावी.

माझी खरी मागणी यापुढची आहे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी मला प्रामाणिकपणे सांगितले की, त्यांनी गेको कधी तपासलेली नाही. त्यांचा मला राग नाही. त्यांच्या दारात रोज गाई-शेळ्यांची रांग असते. पण जनावरांच्या शेणातली जंतांची अंडी ज्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जातात, त्याच सूक्ष्मदर्शकाखाली गेकोची ताजी विष्ठाही तपासता येते. तेवढी सोय जिल्ह्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत झाली, तर निदान जंत आहेत की नाहीत हे कळेल. जंतनाशकाची मात्रा मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकाराने ग्रॅमवर मोजून द्यायला हवी, शेळीच्या औषधातला थेंब अंदाजाने देऊन चालणार नाही. आमच्यापासून नागपूर दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आजारी गेकोला थंडीत एवढा प्रवास घडवणे म्हणजे तिचे दुखणे वाढवणे आहे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था यांनी आठवड्यातून एक तास ठरवून तालुक्याच्या डॉक्टरांना अशा प्राण्यांविषयी फोनवर सल्ला द्यावा, अशी मी आपल्या दैनिकामार्फत त्यांना नम्र विनंती करते. दुकानदारांनाही, गेकोसोबत तापमान, अन्न आणि कॅल्शियम यांची मराठीत छापलेली चिठ्ठी देणे बंधनकारक करावे. माझ्या नातवाला तशी चिठ्ठी मिळाली असती, तर त्या जिवाचे एकोणीस दिवस गारठ्यात गेले नसते.

काल तिचे वजन ५१ ग्रॅम भरले. गावात आणखी दोन घरी गेको आहे असे कळले. त्या दोन्ही घरी तो तारेचा तापमापक आता आळीपाळीने जातो आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ