त्या रात्री फोन उचललात म्हणून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण शाळेत समुपदेशक म्हणून एकट्यानेच काम करणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. अडलं तर विचारायचं कुणाला, हे त्यांना माहीत नसतं. या कामातल्या मार्गदर्शक म्हणून तुमच्याकडून मला काय मिळालं ते त्यांनीही वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. मुलांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नोकरीचं माझं पहिलंच वर्ष होतं. आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, कुणाला सांगणार नाही ना? आईची शपथ घ्या." मी शपथ घेतली नाही, पण "नाही सांगणार गं" असं पटकन बोलून गेले. ती आता बोलेल याचा मला आनंद झाला होता. मग तिने घरी येणाऱ्या एका नातेवाइकाबद्दल सांगितलं. सांगताना ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. शाळा सुटल्यावर ती घरी गेली आणि मी तो शब्द घेऊन बसले.

रात्री साडेनऊला गॅलरीत उभी राहून तुम्हाला फोन केला. तुम्ही रागवाल, अशी धास्ती होती. माझं सगळं ऐकून घेण्याआधीच तुम्ही विचारलंत, "ती आज रात्री कुठे झोपणार आहे? आणि तो माणूस कुठे आहे?"

एम.ए.ला दोन वर्षं मी सिद्धान्त शिकले होते. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स पाठ होता, सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरक पेपरात दोन पानं लिहिला होता. हा प्रश्न मात्र मला सुचला नव्हता. तो गावाला गेलाय, दोन दिवसांनी येणार, हे मुलीच्या बोलण्यात आलं होतं. ते आठवलं तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तुम्ही आलात. शाळेत "आपल्या शाळेचं नाव जाईल, आधी घरच्यांशी बोलून मिटवू" असा सूर होता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ काढून समोर ठेवलंत : अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, शाळेने मिटवायचा हा विषयच नाही. कलम २१प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही सांगितलंत.

पण त्याहून मोठं काम तुम्ही त्याआधी माझ्याकडून करून घेतलं होतं. पोलिसांआधी मुलीशी बोलायचं, असं तुम्ही बजावलंत. तिच्यासमोर बसून मी म्हणाले, "काल मी तुला शब्द दिला, तो मला द्यायलाच नको होता. चूक माझी आहे, तुझी नाही. तू सांगितलंस ते बरोबर केलंस. आता तुला सुरक्षित ठेवायला मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल." ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारलं, "पोलिसांची गाडी घरी येईल?" जबाब नोंदवायला येणारे पोलीस गणवेशात नसतील, शक्यतो बाईच असतील, जबाब घरी किंवा तुला हव्या त्या ठिकाणी देता येईल, हे तुम्ही आदल्या रात्री मला फोनवर समजावलं होतं, म्हणून मी तिला सांगू शकले. खोदून खोदून तेच तेच विचारायचं नाही, तिचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, हेही तुमचंच. "तिची भाषा शुद्ध करायला जाऊ नकोस," म्हणाला होतात.

त्यानंतर पुढच्या गुरुवारी तुमच्या घरी तुम्ही दहा वर्षांचा मुलगा झालात आणि मला पहिल्या भेटीतलं बोलणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलंत. जड झालं की तुम्ही जांभई द्यायचात. शेवटी ते असं बसलं : "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुला कुणी त्रास देतंय, किंवा तुझ्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं, तर मला मदत घ्यावी लागेल. ती कुणाची घ्यायची, ते आधी तुला सांगेन." मला भीती होती की हे ऐकून मुलं बोलणारच नाहीत. मुलं बोलतात. थोडा विचार करतात आणि बोलतात.

पाचवीतला एक मुलगा तीन भेटी नुसता पेन्सिलींना टोक करत बसला, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. "अगं, तुझ्या खोलीत तो वीस मिनिटं बसतो, वर्गात पाच मिनिटं बसत नाही. त्याला बसू दे," एवढंच तुम्ही म्हणालात. चौथ्या भेटीत त्याने टोक केलेली एक पेन्सिल माझ्या हातात दिली.

दहावीतला मुलगा "मी नसलो तरी काय फरक पडतो" म्हणाला, तेव्हा विषय बदलावासा वाटत असताना मी त्याला सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते, हे तुम्ही माझ्या मनात पक्कं केलं होतं. त्या दिवशी त्याला एकटं सोडलं नाही, पालकांना बोलावलं, मनोविकारतज्ज्ञांकडे सोबत गेले. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही क्रमांक तेव्हापासून माझ्या दारावर, मुलांच्या उंचीवर लावलेत.

दर पंधरा दिवसांनी गुरुवारी मी केस सांगायला लागले की तुम्ही मध्येच थांबवून विचारायचात, "ही तळमळ मुलाची की तुझी?" या प्रश्नाचा मला कधी कधी फार राग यायचा. बहुतेक वेळा तळमळ माझी असायची. मग तुम्ही आधी जेवायला वाढायचात.

या सगळ्या गुरुवारांचा तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. त्या मुलीने मागच्या वर्षी बारावी पूर्ण केली. जाताना भेटायला आली होती आणि तिने विचारलं, "त्या दिवशी एसटीने आलेल्या मॅडम कशा आहेत?" तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, ताई. तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तुमची,
गुरुवारची विद्यार्थिनी