खिशात टाकलेला घोडा

सांगली,
रविवार रात्र

प्रिय अव्या,

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. आत चौकटीच्या वहीचा कागद, पेन्सिलीने काढलेला बुद्धिबळाचा पट, आणि खाली एवढंच: ‘काळ्याची चाल. मोबाइलला विचारलंस तर मैत्री संपली.’ ना तब्येतीची चौकशी, ना पोरांची. चार रात्री खाल्ल्यास रे माझ्या!

सुरुवातीला सगळे करतात तेच केलं. आधी शह शोधले. काळ्याला एकही नाही. मग मारामारी. जी४ च्या (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा) काळ्या उंटाने एफ३ चा पांढरा घोडा मारून बघितला, तर पांढऱ्याचं प्यादं तिथे येऊन ई४ ची राखण आणखीच घट्ट करतं. एफ६ च्या घोड्याने सरळ ई४ मारलं, तर सी३ चा घोडा तो खाऊन मोकळा होतो. सगळं त्या सी३ वर येऊन अडत होतं. आणि पांढऱ्याचा राजा तर अजून ई१ वर, किल्लेकोट न करता, म्हणजे हत्तीच्या आडोशाला न जाता, बसलेला. म्हणजे इथे काहीतरी आहे, हे कळत होतं. काय आहे ते कळत नव्हतं.

शुक्रवारी रात्री मी जरा लबाडी केली. सी३ चा घोडा पटावरून उचलला, शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हटलं, हा नाहीच असं समजू. आणि दिसलं की! काळा घोडा ई४ वर उतरला की एका बाजूला पांढऱ्याचा सी५ चा वजीर, दुसऱ्या बाजूला जी५ चा उंट, दोघांच्या मानेवर एकदम बसतो. मग प्रश्न एवढाच उरला, की पांढऱ्याने तो सी३ चा घोडा आपल्या हाताने तिथून कसा हलवावा. उत्तर: त्याला खायला घालून. माझा बी६ चा घोडा ए४ वर! ‘घोडा काठाला नेऊ नका रे’ म्हणून आपले सर ओरडायचे, त्यामुळे ते घर मी तीन दिवस बघितलंच नव्हतं. शिवाय तिथून तो वजिरालाच डिवचतो, म्हणजे दुर्लक्षही करता येत नाही.

पण चाल सापडणं म्हणजे कोडं सुटणं नव्हे, हे तूच मला ऐकवशील, म्हणून हिशेब देतो. समजा पांढऱ्याने ए४ चा घोडा खाल्ला आणि मी ई४ मारलं. आता उंटाने ई७ मारलं, तर मी वजीर घेतो, तो माझा वजीर घेतो, मी ए४ चा घोडा. तो उंट मागे घेतो. मग एफ३ वर उंट-घोड्याची अदलाबदल आणि बी२ चं प्यादं. मी एका प्याद्याने वर. हे सोपं होतं. शनिवारची अख्खी रात्र गेली ती त्याने वजिराने ई७ मारलं तर काय, यात. वजिरावजीर करून मी मोकळा होणार होतो, पण त्यापेक्षा गोड सापडलं. ए५ वर वजिराचा शह, तो बी४ ला प्यादं पुढे करतो, मी ए४ चा घोडा खातो, तो ई४ चा. म्हणजे एक मोहरं कमीच! पण आता एफ८ चा हत्ती ई८ वर, आणि त्याचा वजीर राजासमोर बांधला गेला, त्या ओळीतून बाजूला झाला तर राजालाच शह. तो ई७ वर उंट आडवा घालतो. मी आधी एफ३ ची अदलाबदल उरकतो आणि मग निवांत जी७ चा उंट एफ८ वर आणतो. तो ई७ चा उंट हलला की मागचा वजीर जातो. नाही हलला तर तोच जातो. हे दिसलं तेव्हा अडीच वाजले होते आणि मी मोठ्याने हसलो. हिने आतून विचारलं, ‘कोण आलंय?’

आज सकाळी, उत्तर ठरल्यावरच, जुन्या डावांचं पुस्तक काढलं, आणि कपाळावर हात मारला. अरे, हा तर बॉबी फिशरचा डाव, पुढे जगज्जेता झाला तोच! डोनाल्ड बर्नविरुद्ध, न्यूयॉर्क, १७ ऑक्टोबर १९५६. बर्न २६ वर्षांचा, हे पोरगं १३ चं. बुद्धिबळावर लिहिणाऱ्या हान्स क्मोखने याला ‘शतकातला डाव’ म्हटलं, शतक संपायला ४४ वर्षं बाकी असताना! मी हा डाव शाळेत असताना दोनदा तरी खेळून पाहिलाय. पण आठवणीत राहिलं ते काय, तर सतराव्या चालीचं वजिराचं बलिदान आणि पुढे उंट-घोड्याने घातलेली शहांची चक्की, म्हणजे एकामागून एक शहच शह. अकरावी चाल, म्हणजे हाच ए४ चा घोडा, पार विसरलो. माझं मत विचारशील तर खरी किमया तिचीच. वजीर सोडला तेव्हा बर्नचा राजा आधीच उघड्यावर होता. घोडा टाकला तेव्हा काळ्याच्या हातात काहीच नव्हतं. आणि त्या मुलाला कुणी पाकिटातून ‘काळ्याची चाल’ असं लिहून कळवलं नव्हतं.

एकच राग आहे. बर्नने घोडा खाल्लाच नाही! वजीर ए३ ला नेला. फिशरने मग सी३ चा राखणदार सरळ मारला आणि ई४ घेतलंच. ४१ व्या चालीला हत्तीने मात. म्हणजे मी शनिवारी रात्रभर शोधलेला मार्ग त्या पटावर आलाच नाही.

तेव्हा दिवाळीत येशील तेव्हा पट मांडून ठेवतो. पांढरी तुझी. मी घोडा ए४ वर ठेवीन आणि तू तो खायचास. मुकाट.

तुझा,
बंड्या

ता. क. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते तरी पुढच्या पाकिटात लिही.