बेरीज बरोबर, तरी बाद

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

कार्डावरची बेरीज बरोबर असताना गोल्फपटू जॅकी पंगला स्पर्धेतून बाद का केलं, हे काही केल्या पटत नाही, असं तू लिहिलंस. पुढच्या महिन्यात तू पहिल्यांदाच स्ट्रोक प्ले (सगळे फटके मोजायचे, सर्वांत कमी तो विजेता) खेळणार आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गोल्फचं कार्ड, म्हणजे प्रत्येक होलला किती फटके लागले ते लिहायचा कागद, कसं भरावं हे या एका प्रकरणातून जितकं कळतं, तितकं नियमावली वाचूनही कळत नाही.

साल 1957. यूएस विमेन्स ओपन ही अमेरिकेतली महिलांची मोठी स्पर्धा, न्यूयॉर्क राज्यातल्या ममारोनेकच्या विंग्ड फूट क्लबचा ईस्ट कोर्स. शेवटच्या दिवशी एकदम 36 होल, म्हणजे दोन फेऱ्या खेळायच्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत डोकं आणि पाय दोन्ही थकलेले. पंग हवाईची, 1952 ची अमेरिकन महिला हौशी विजेती. 1953 च्या ओपनमध्ये ती बेट्सी रॉल्सच्या बरोबरीला आली होती, पण प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा फेरीत, रॉल्स जिंकली. चार वर्षांनी पुन्हा याच दोघी समोरासमोर. शेवटच्या फेरीत पंगनं 72 मारले आणि तिची चार फेऱ्यांची बेरीज झाली 298. रॉल्सची 299. पंग एका फटक्यानं जिंकली, असंच सगळे धरून चालले.

आता पंगचं त्या शेवटच्या फेरीचं कार्ड डोळ्यांसमोर आण. चौथ्या होलच्या चौकटीत 5 लिहिलेत. प्रत्यक्षात मारले होते 6. हा आकडा पंगनं लिहिलेला नव्हता. स्ट्रोक प्लेमध्ये आपला स्कोअर आपण लिहीत नाही, सोबतचा खेळाडू मार्कर म्हणून लिहितो. पंगची मार्कर होती बेटी जेमसन, 1947 ची विजेती, म्हणजे कुणी नवखी नव्हे. जेमसनलाही त्याच होलवर 6 लागले होते आणि पंगनं तिच्या कार्डावर लिहिले 5. दोघींच्या हातून एकाच होलवर एकच चूक झाली, दोघींनी सह्या केल्या आणि दोघी बाद झाल्या. 299 वर रॉल्स विजेती ठरली.

पंगच्या कार्डावर एकूण मात्र 72 होते, अगदी बरोबर. आणि घात तिथेच झाला. अठरा चौकटींची बेरीज केली असती तर 71 आली असती, आणि 72 शी जुळत नाही म्हणताच चूक सापडली असती. पण आपण किती मारले हे खेळाडूला तोंडपाठ असतं. ती एकूण आकडा बघते, तो जुळतो, आणि सही होते. चौकटी कुणी बघतच नाही.

नियमाच्या लेखी त्या बेरजेला काहीच किंमत नाही. बेरीज करणं हे समितीचं काम. खेळाडू सही करतो ती प्रत्येक होलच्या आकड्याखाली. एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून कार्ड दिलं, तर बाद. जास्त लिहून दिलं, तर तो जास्तीचा आकडा कायम. 1968 च्या मास्टर्स स्पर्धेत रॉबर्तो दे व्हिसेन्झोचं नेमकं हेच झालं. सतराव्या होलवर त्याचे 3 होते, मार्करनं लिहिले 4, त्यानं सही केली आणि 65 चे 66 झाले. तो बाद झाला नाही, पण बॉब गोल्बीशी झालेली बरोबरी गेली.

माझं मत विचारशील तर चौकट हाच पुरावा मानणं योग्यच आहे. मैदानभर पंच नसतात. सगळा खेळ खेळाडूच्या शब्दावर चालतो, आणि तो शब्द होलगणिक द्यावा लागतो. पण बेरीज खरी असताना थेट बाद करणं मला 1957 च्या बाबतीतही जास्तच वाटतं आणि आजही वाटतं. विंग्ड फूटच्या सभासदांनाही ते सोसलं नाही. त्यांनी वर्गणी काढून पंगसाठी 3,000 डॉलरहून अधिक रक्कम जमवली. विजेतीचं बक्षीस होतं 1,800 डॉलर. किताब मात्र परत आला नाही. पंगला पुढे एकही मेजर, म्हणजे सर्वांत मानाची स्पर्धा, जिंकता आली नाही. रॉल्सबद्दल मनात राग धरू नकोस, तिनं काहीच गैर केलं नव्हतं. पुढे 1980 मध्ये पुरुषांच्या यूएस ओपनच्या नियम समितीत बसणारी ती पहिली स्त्री ठरली.

आता तुझ्या कामाचं. होल संपला की ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या हिरवळीवर) रेंगाळून आकडा लिहू नकोस, मागचे लोक खोळंबतात. पुढच्या टीवर, म्हणजे पुढचा होल सुरू होतो त्या जागी, जा, समोरच्याला "किती?" म्हणून विचार, उत्तर मनातल्या मोजणीशी ताडून पाहा आणि मगच लिही. दोन होल साचले की आठवणीवर विसंबावं लागतं, आणि सगळ्यात आधी विसर पडतो तो पेनल्टीच्या, म्हणजे दंड म्हणून वाढणाऱ्या फटक्याचा. कार्डाच्या कडेच्या रकान्यात स्वतःचेही आकडे लिहीत जा.

खेळ संपला की आधी टेबलाशी बस. हस्तांदोलन, फोटो, चहा सगळं नंतर. कार्ड तुझ्या मार्करकडून घे आणि त्याला त्याचं दे. अदलाबदल राहून गेल्यामुळे बाद झालेले लोकही आहेत. मग एकानं मोठ्यानं वाचायचं, "पहिल्या होलला पाच, दुसऱ्याला चार," आणि दुसऱ्यानं आपल्या रकान्यावर बोट ठेवून ऐकायचं. त्यानंतर आधीचे नऊ आणि नंतरचे नऊ वेगवेगळे जोडायचे, तेही एकूण आकडा हातानं झाकून. बेरीज तुझी जबाबदारी नसली तरी कर, कारण वाचताना निसटलेली चुकीची चौकट त्यातूनच पकडली जाते. खाडाखोड झाली तर आकडा गिरवू नकोस, काट मारून शेजारी स्वच्छ लिही. दोघांच्या सह्या बघ. टेबलाच्या जागेतून बाहेर पडेपर्यंत दुरुस्ती करता येते, एकदा कार्ड देऊन निघालास की नाही.

नियम आता थोडा सैल झालाय. पेनल्टी लागल्याचं तुला माहीतच नव्हतं आणि म्हणून आकडा कमी लिहिला गेला, तर आता फक्त ती पेनल्टी वाढवतात, बाद करत नाहीत. 2023 पासून कार्डावर हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट) लिहायचा राहिला म्हणूनही बाद होत नाही. पंगची चूक मात्र आजही तितकीच महाग पडेल, कारण 6 लागलेत हे तिला माहीत होतं.

पेन्सिली दोन ने, टोक केलेल्या. कार्ड पावसात भिजलं तर शाई फुटते.

तुझा,
श्रीकांत